पुसलेला ओढा

नकाशावरचा तो ओढा मी जाणूनबुजून पुसला, चुकून नव्हे. फरशी पुसताना अमोनियाचा वास आला की नव्वदच्या दशकातली कानडी मुलखातल्या बेळ्ळंदूरकडची ती दुपार डोळ्यांपुढे येते, कारण आमच्या नकाशांच्या प्रतींना तसाच वास असे. नव्या वसाहतीसाठी मी जमीन मोजत होतो. वरच्या तळ्यातलं पाणी खालच्या तळ्याकडे नेणारा ओढा उन्हाळ्याने कोरडा पडला होता; त्यात शेवरीचा कापूस हळूहळू उतरत होता, आणि वरचं तळं इतकं निश्चल की बगळे आभाळातच उभे आहेत असं वाटावं. शेतांना पाणी सोडणारा म्हातारा, तिथे त्याला नीरगंटी म्हणत, माझ्याजवळ उकिडवा बसला. "स्वामी, ही वाट कागदावर राहू द्या. तुम्हा शहरवाल्यांना नळातलं तेवढंच पाणी दिसतं! वाट मोडली तर खालचं तळं आटेल, मग मी कुणाला पाणी सोडू?" मी हसून म्हणालो, "सरी अण्णा, ठेवतो." साहेबांना मात्र सलग प्लॉट हवे होते. मी ब्लेडने ओढा खरवडला आणि त्यावर रस्ता आखला. काही वर्षांनी तिथे गेलो तेव्हा खालच्या तळ्यात गवत माजलं होतं, आणि तो म्हातारा वसाहतीच्या फाटकाशी टँकरचं पाणी घागरींत सोडत होता. त्याने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं. त्या स्टुलावर मी बसू शकलो नाही, हे आज पन्नाशी उलटली तरी आठवतं. उभ्यानेच म्हणालो, "अण्णा, शब्द देऊन मी ओढा पुसला. तुमचं काम मी घालवलं. मला क्षमा करा."