बापलेकीच्या फोटोची वेळ

लग्नाच्या आदल्या दिवशी चौसाळ्यात नवरीच्या घरी बसून मी फोटोंच्या वेळा लिहून घेत होतो. नवरी म्हणाली, "दादा, पप्पांसोबतचे फोटो एकच्या आत घ्या. दोनला बीडला त्यांचं डायलिसिस हाय." मुहूर्त साडेबाराचा होता. त्यानंतरची वीस मिनिटं मी बापलेकीसाठी राखून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजला तरी स्टेजवर पुढाऱ्यांचे सत्कारच चालले होते. वडील पुढच्या खुर्चीत सुजलेले पाय घेऊन बसले होते, बाहेर गाडी उभी होती. नवरी हातात हार धरून माझ्याकडंच बघत होती.

लग्नात फोटोवाल्यानं बोलायचं नसतं. तरी मी माइक धरलेल्या तिच्या मामांजवळ गेलो.

"मामा, आता बस करा. पोरीच्या बापाला निघायचंय."

"तू फोटो काढ बे!" ते तडकले. मग त्यांची नजर खुर्चीकडं गेली. हातातली शाल तशीच ठेवून ते म्हणाले, "गुरुजी, मंगलाष्टकं घ्या."

हार पडताच नवरी स्टेजवरून उतरली आणि वडिलांच्या खुर्चीला खेटून बसली. आम्हाला दोनच मिनिटं मिळाली. तीन फोटो घेतले. त्यातल्या एकातच दोघांचे डोळे उघडे आले.