एकदाच दाबलेली बेल

सदू म्हात्रे भाईंदरला वॉशिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करतो. खाली दुकान, वर घर. बायको गेली, मुलगी सासरी. घरात उरली आई, रखमाबाई. जन्म मिठागरात काढलेली बाई, आता पलंगावरून उठता येत नाही. सदू दिवसातून वीसदा जिना चढतो. मी शेजारचा झेरॉक्सवाला. त्याच्याकडे बघून मलाच थकायला होतं.

त्याने आईसाठी एक यंत्र बनवलं. गोळीची वेळ झाली की पलंगाजवळ दिवा दहा मिनिटं लुकलुकायचा. बटण दाबलं की खाली दुकानात बेल वाजायची.

एका दुपारी तो वर गेला, तर आई ओल्या चादरीवर पडलेली. तिने बटण दाबलं होतं, पण बेल वाजलीच नव्हती. यंत्रातला प्रोग्राम दहा मिनिटं दिव्यापाशीच अडकून राहिला होता. बटणाकडे तो बघतच नव्हता.

"मग पुन्हा दाबायचं ना, आये!"

"यकदा दाबली न्हाय का? तू कामान आसशील."

हे मला सांगताना सदू रडला. मला म्हातारीचा रागच आला. पोटच्या पोराला दोनदा हाक मारायला कसला संकोच? मग माझी आई आठवली आणि राग गेला.

दोन दिवस खपून त्याने प्रोग्राम नव्याने लिहिला. आता तो कुठेच थांबत नाही. दिवा कधी लावला ते लक्षात ठेवतो, दर फेरीला घड्याळ बघतो, बटण बघतो आणि पुढे जातो. शिवाय आपण कुठल्या अवस्थेत आहोत हेही त्याला ठाऊक असतं: निवांत, गोळी की हाक. एकदा हाक लागली की सदू वर जाऊन पलंगाजवळचं दुसरं बटण दाबेपर्यंत बेल वाजतच राहते.

"ती दुसऱ्यांदा दाबणार नाय," सदू म्हणाला. "मग एकदाच पुरलं पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी बेल सुरू झाली. गिऱ्हाईक कुरकुरत होतं, "भाईसाब, मेरा बोर्ड?" बेल काही थांबेना. शेवटी मीच ओरडलो, "अरे, जा की बाबा!"

बेल थांबली, पण सदू खाली येईना. गिऱ्हाईक खोळंबलंय हे सांगायला मी वर गेलो. तो पलंगाच्या कडेला बसला होता.

"काय झालं?"

"काय न्हाय," रखमाबाईच बोलली. "सकालधरना बसला न्हाय त्यो. म्हनून दाबली."