अठरा दिवसांच्या गोळ्या

मुलीची अर्धशिशी आमच्या घरात दोन वर्षं 'शाळा बुडवायचे नखरे' म्हणून खपली. कॅनडातल्या एडमंटनच्या हिवाळ्यात ती बेसमेंटमध्ये दिवे मालवून, डोक्यावर उशी दाबून पडलेली असायची आणि मी वरून ओरडायचे. दहा वर्षांची होती. शेवटी शाळेतूनच फोन आला, तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. एवढ्या लहान वयात एकदम कडक औषध नको म्हणाल्या. आधी बी-टू व्हिटॅमिन देऊन बघू. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, पण तीन महिने रोज द्या, मधेच सोडू नका. लघवी पिवळीजर्द होईल, घाबरू नका, हेही सांगितलं. मी मान डोलावली. इंजिनिअर ना मी!

तेव्हा सासूबाई नागपूरहून आलेल्या होत्या. अठराव्या दिवशी वॉशरूममध्ये तो रंग त्यांच्या नजरेस पडला. "अगं, हळदीसारखी होतेय की तिला! उष्ण पडताहेत त्या गोळ्या. बंद कर आधी." मी समजावून सांगायला हवं होतं. पण 'परदेशात राहून शेफारली' हे ऐकून कान किटले होते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकलीच. बाटली कपाटात गेली. पोरीला सब्जाचं पाणी आणि गुलकंद सुरू झाला. बाहेर उणे तीस आणि घरात उष्णतेवर उपाय! आजही कुणाला सांगायची सोय नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा डॉक्टरकडे गेलो. डोकेदुखी होती तशीच होती.

"रोज दिल्या ना?" बाईंनी विचारलं.

"हो, रोज." माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. लाज राखायची होती, दुसरं काय!

मग त्यांनी मुलीलाही तेच विचारलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "येस. एव्हरी डे."

बाईंनी व्हिटॅमिनवर काट मारली आणि रोजचं कडक औषध लिहून दिलं. पुढे वर्षभर त्या औषधाने पोरगी वर्गात पेंगत राहिली. व्हिटॅमिनने गुण आला असता की नाही, ते आता कधीच कळणार नाही, आणि तो राग मला सासूबाईंवरही धड काढता येत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना गाडीत मी तिला विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

थंड काचेला कपाळ टेकवून, डोळे मिटून ती म्हणाली, "यू वुड हॅव गॉटन इन ट्रबल, आई." तेव्हाही तिचं डोकं दुखतच होतं.