वाळवंटातल्या तळ्याकाठची पोपटी

ये गं, अशी जवळ बस. अजून जवळ. तू तिकडे अलिबागजवळ आपल्या ओटीवर आणि मी इकडे कुवेतला जहऱ्यात तिसऱ्या मजल्यावर, हे मला कळतंय. तरी मनाने तरी सरक जरा. कारण आधी तुझे कान धरायचेत. सख्खी धाकटी बहीण तू माझी, आणि दर थंडीत एकच पालुपद लावतेस, "येईन गं, पण तिकडे बघण्यासारखं आहे काय? वाळूच ना!" वाळूच म्हणे! बाई, वाळूत तळं असतं. त्या तळ्याकाठी पोपटी लागते. आणि त्याच तळ्याकाठी तुझे भावोजी मला परत मिळाले. ऐक आता, मध्ये बोलू नकोस.

गेल्या पावसाळ्यानंतर ह्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, ते तुला ठाऊक आहे. पुढचं मी तुला फोनवर नीट सांगितलं नाही. काय सांगणार? जखम भरली, रिपोर्ट चांगले आले, पण माणूस काही खुर्चीतून उठेना. अठ्ठावीस वर्षं कंपनीची गाडी चालवलेला माणूस, जहऱ्यापासून दस्मानपर्यंतचा रस्ता डोळे मिटून सांगेल, तो लिफ्टपर्यंत जायचा आणि छातीवर हात ठेवून परत यायचा. "आज नको, उद्या बघू." त्यांचा हा उद्या काही उजाडत नव्हता. इस्पितळातली डॉक्टरीण आपली नाशिककडची. तिने समोर बसवून सांगितलं, "काका, काळीज आता माझ्यापेक्षा धड आहे तुमचं. आता भीतीचं ऑपरेशन तुमचं तुम्हीच करायचं." हे हसले. घरी आले आणि परत खुर्चीत.

कंपनी भली. म्हणाली, गाडी चालवू नका, गाड्यांवर देखरेख करा, थंडी संपेपर्यंत जागा राखतो. पण त्यासाठी घराबाहेर पडायला हवं ना? आणि कामावर गेले नाहीत तर इकामा संपणार. इकामा म्हणजे इथे राहायची परवानगी. ती गेली की लेक, जावई, नात यांना इथे ठेवून आम्ही दोघांनी गाशा गुंडाळायचा. मी रोज पोळ्या लाटताना हाच विचार लाटत होते.

अशात यंदा इथे पाऊस झाला. आपल्यासारखा नव्हे गं, दोन-तीन दिवस आकाश फाटल्यासारखा, मग वर्षभर नाव नाही. पण तेवढ्यात वाळवंटातले खोलगट भाग भरतात. वरची माती चिकट, पाणी मुरत नाही, मग महिना-दोन महिने तळंच होऊन राहतं. इथली माणसं त्याला खबरा म्हणतात. आणि थंडीत इथली घरंच्या घरं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. जावई आमचा प्रयोगशाळेत रक्त तपासतो, त्याचा एक कुवेती सोबती म्हणाला, "आमचा तंबू परवानगीचा आहे, खबऱ्याला लागूनच. तुम्ही शेजारी आपला छोटा तंबू लावा, एक रात्र राहा. पैसे? वाळूचे कसले पैसे!"

लेक म्हणाली, "आई, बाबांना नेऊ या."

"येतील?"

"तू पोपटी करणार आहेस म्हणून सांग."

बघ, परिचारिका आहे ना, नस बरोबर सापडते तिला.

आता तुला पोपटी काय सांगायची! पण आपल्याकडच्या बाहेर कुणाला ठाऊक नसते. थंडीत शेताच्या बांधावर मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, भांबुर्ड्याचा पाला खाली-वर लावायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही, आणि मडकं उलटं ठेवून वर जाळ करायचा. आमच्याकडे पोपटी ह्यांचीच. मी सासरी होते तेव्हा अख्खी आळी ह्यांना बोलवायची. मला मडक्याला हात लावू द्यायचे नाहीत. "तू खायला ये," म्हणायचे.

शेंगा इथल्या भारतीय दुकानात मिळाल्या. मडकं तूच दिलेलं, गेल्या खेपेला मी विमानात मांडीवर बाळासारखं धरून आणलं होतं ना, ते. मिळाला नाही तो फक्त भांबुर्डा. कोबीची पानं घेतली आणि ओवा जास्त. हे खुर्चीतून बघत होते. कोबी बघून चेहरा असा केला, जणू मी चहात मीठ घातलं. पण गाडीत येऊन बसले! मागच्या सीटवर, शाल गुंडाळून, हात छातीवर. मी मुकाट देवाला हात जोडले.

तासाभराने पोचलो. काय सांगू तुला! सपाट वाळू, तिच्यावर पोपटी रंगाचं कोवळं गवत, आणि मध्ये पाणी, दूध कमी घातलेल्या चहाच्या रंगाचं, वाऱ्याने बारीक चुण्या पडलेलं. शेपटी हलवत परीट पक्षी काठाने तुरुतुरु पळत होते. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. लांब कुठेतरी कुणाच्यातरी तंबूचा जनरेटर घुर्र करत होता, तेवढंच. नात खाली उतरली ती ओरडतच, "आज्जी, इट्स अ रिअल लेक!" मी म्हटलं, "लेक माझी ही, तळं ते." तिला विनोद कळला नाही, जाऊ दे.

हे मात्र उतरले नाहीत. "तुम्ही करा काय ते. मी गाडीतूनच बघतो." दार उघडं, काच खाली, आणि आमचे साहेब आत. लेकीने हात पुढे केला तर म्हणाले, "वाळूत दम लागतो." एक पाऊलही वाळूत टाकलेलं नव्हतं!

माझा जीव खट्टू झाला. म्हटलं, निदान वास तरी बरोबर आला पाहिजे, वासाने उठतील. आणि समोर बघते तर पाण्याच्या कडेला करड्या-हिरव्या झुडपांची रांग. पान चुरडून नाकाशी धरलं. उग्र, थोडा गोडसर. भांबुर्डा नव्हे, पण त्याचा लांबचा मावसभाऊ म्हण! मागे जावयाने लाकडं पेटवली होतीच. रायगडच्या बाईला थंडीत जाळ पेटलेला दिसला आणि पाला दिसला की हात थांबतो का? मी पदर खोचला आणि लागले ओरबाडायला. एक झुडूप तर मुळासकट आलं.

तेवढ्यात शेजारच्या मोठ्या तंबूतून एक म्हातारी बाहेर आली. काळा अबाया, हातात काठी, वय माझ्याहून जास्त, चाल माझ्याहून जोरात. "ला! ला! ला!" करत थेट माझ्यापुढे. काठी माझ्या ओच्याकडे, मग झुडपाकडे, मग आभाळाकडे. ला म्हणजे नाही, एवढं कळलं मला. पुढचं सगळं वाऱ्यावर. मी आपली हसून ओच्यातला पाला तिला दाखवते, "पोपटी, पोपटी!" ती आणखी भडकली.

जावयाला अरबी शून्य. लेक धावत आली. पण तिचं अरबी इस्पितळातलं! तिने म्हातारीचा हात हळूच धरला आणि गोड आवाजात म्हणाली, "ला तखाफीन. वेन अलम?" म्हणजे काय ठाऊक आहे? "घाबरू नका. कुठे दुखतंय?"

 हातात काठी घेऊन दुसऱ्याला दम देणाऱ्या बाईला कुणी विचारतं का, कुठे दुखतंय? मग म्हातारी जी सुरू झाली! लेक घाबरून म्हणते, "तनफ्फसी, तनफ्फसी." श्वास घ्या, श्वास घ्या. जावई तोंडावर रुमाल धरून तळ्याकडे वळला.

आणि मागून आवाज आला, "अगं ए! काय उपटून ठेवलंस तू? टाक ते खाली!"

हे. शाल कुठे पडली देव जाणे. एका पायात चप्पल, दुसरी वाळूत रुतून राहिलेली. गाडीपासून चांगलं शंभरेक पावलांचं अंतर, मऊ वाळू, आणि माणूस तरातरा चालत आला. आल्या आल्या उजवा हात छातीवर ठेवला. ओच्यातला पाला टाकून मी पुढे झाले. पण तो हात दुखण्याचा नव्हता गं! इथे मोठ्या माणसाला सलाम करताना असाच हात ठेवतात. हे मान झुकवून म्हणाले, "अस्सलाम अलैकुम, या हज्जा," आणि मग जे अरबी सुरू झालं, अठ्ठावीस वर्षांचं, पेट्रोल पंपावरचं, गोदामावरचं, सगळं. हातवारे, हसणं. मध्येच माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, त्यावर म्हातारी पोट धरून हसली. काय सांगितलंत म्हणून आजपर्यंत विचारते, सांगत नाहीत.

मग मला सुनावलं. "ह्याला अरफज म्हणतात. वाळू धरून ठेवतो तो. उपटायला बंदी आहे इथे, आणि ती म्हणते, माझ्या बापाचे उंट ह्याच्यावर जगले, ही कोण बाई न्हाणीघरातल्या शेवाळासारखं खरवडतेय!"

"मला काय माहीत? भांबुर्ड्यासारखा वास आला."

"भांबुर्डा? हा?" त्यांनी पान चुरडून हुंगलं. जरा थांबले. "हं. येतो खरा थोडा."

मी मुळासकट आलेलं झुडूप परत लावलं, दोन हातांनी वाळू दाबली, वर पाणी घातलं. म्हातारी काठी टेकून देखरेख करत होती. तेवढ्यात तिचा मुलगा गाडीतून उतरला. तोच जावयाचा सोबती. आम्हाला बोलावलं होतं, पण आईला सांगायचं विसरला होता. मग तिने काठी त्याच्याकडे वळवली. आमची सुटका झाली.

आता हे परत गाडीकडे निघाले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्यांची नजर जाळाकडे गेली. जावयाने मडकं उताणं ठेवलेलं, बिर्याणीसारखं, तोंड वर, खाली लाकडं! हे जागच्या जागी उभे राहिले.

"हे कुणी केलं?"

"मी, बाबा," जावई म्हणाला. तो सोलापूरचा, त्याला काय कळणार? "चटका लागून करपू नये म्हणून वाटीभर पाणीही घातलंय."

"पाणी?" ह्यांचा आवाज तळ्यापलीकडे गेला असेल. पक्षी उडाले. "पोपटीत पाणी? अरे, काढ ते बाहेर! ओत! फडक्याने पूस! शेंगा पसर उन्हात! आणि तू लांब उभा राहा, हात मागे बांधून!"

लेक माझ्याकडे बघत होती, मी लेकीकडे.  बोललो असतो तर बहुधा रडलो असतो.

म्हातारीने आपल्या तंबूतून सरपणाची मोळी पाठवली आणि शेपू-पुदिन्याच्या जुड्या, वर निरोप, पाला हवा तर हा घ्या, माझ्या अरफजला हात लावू नका. ह्यांनी मांडी घालून मडकं भरलं. तळाला कोबी, वर शेपू, मग शेंगा, खडे मीठ, ओवा, मध्ये अंडी पानात गुंडाळून, बटाटे, रताळी. तोंड पाल्याने गच्च. मडकं उलटं केलं आणि भोवती लाकडं रचली, आपल्या बांधावर रचतात तशी. मी हात पुढे केला तर तेच जुनं, "तू खायला ये."

खरं सांगते, इतकं गोड कुणी मला हाकललं नव्हतं.

ऊन उतरलं, पाणी तांबडं झालं. ह्यांनी ओंजळीने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि क्षणात सुकलं. "झाली." कांबीने मडकं बाजूला घेऊन कागदावर ओतलं. वाफ अशी आली की नातीने इंग्रजी सोडून आपोआप "आई गं!" म्हटलं. म्हातारी गहवा, म्हणजे इथली कोरी कॉफी, आणि खजूर घेऊन आमच्यात येऊन बसली. शेंग उघडली, दाणा तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाली, "बाजिल्ला!" इथे थंडीत मोठे वाल उकडून खातात, ते बाजिल्ला. मग दुसरा दाणा खाल्ला आणि बोट हलवलं. ह्यांनी मराठीत करून सांगितलं, "म्हणते, आमच्यापेक्षा बरं आहे, पण कुणाला सांगू नका."

सकाळी जाग आली तर अंथरूण रिकामं. धसकून बाहेर आले. हे तळ्याच्या पलीकडच्या काठावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, एकटे फिरत होते. एक हात चपलांना, दुसरा मोकळा, हालत होता चालण्याबरोबर. छातीपाशी काही नव्हतं. मी हाक मारली नाही. चहा ठेवला.

निघताना जावई पुढचं दार उघडत होता, तर ह्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. "वाळूतून डांबरापर्यंत मीच काढतो. तुला जमायचं नाही." डांबरी रस्ता आला, तरी काही किल्ली सोडली नाही. त्या आठवड्यात कामावर गेले.

आणि तुझं मडकं? रागावू नकोस. ते त्या म्हातारीने ठेवून घेतलं. तिला त्यात उंटाचं मांस घालून बघायचंय म्हणे. हे म्हणाले, "घे, माझी मेव्हणी दुसरं आणेल." म्हणजे आता तू अडकलीस बघ. मडकं आण, चांगलं भाजलेलं, वाजवून घे. भांबुर्डा सावलीत सुकवून आण, डॉक्टरचं औषध म्हणून नव्हे, माझं औषध म्हणून. तळ्याचं पाणी अजून पायाच्या घोट्याएवढं आहे, पण ऊन वाढतंय. विमानतळावर तुला घ्यायला तुझे भावोजी स्वतः गाडी घेऊन येणार आहेत, मी विचारायच्या आधीच म्हणाले. तेव्हा पाणी आटायच्या आत ये गं. लवकर ये.