कविता तालासुरात म्हणतो

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. थंडी वाढली. पाणी सव्वासातला आलं, पाऊण तास होतं. मागच्या खोलीत नवी भाडेकरू आली: सुनिता, वय चोवीस, साक्रीकडची. सामान म्हणजे एक पेटी, एक गादी, भाकरीचा तवा. शिक्षिकेची पहिलीच नोकरी, कालच रुजू झाली. चहात साखर दीड चमचा घेते.

त्या दिवशी एवढंच लिहिलं होतं. पुढच्या सहा दिवसांत जे पाहिलं-ऐकलं त्याची किळस अजून गेली नाही, म्हणून या मुलीबद्दल नीट लिहून ठेवते.

तिचे आईवडील साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावात पावसाच्या भरवशावर भात आणि नागली पिकवतात. घरात शिकलेली ती पहिलीच. डी.एड. करून तिने चार वर्षं वाट पाहिली आणि आदेश आला तो शाळेचं अर्धं वर्ष उलटल्यावर. शाळा आमच्या सावद्याजवळच्या एका संस्थेची. नाव लिहीत नाही. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला तर कायम.

तिला चौथीचा वर्ग मिळाला, मुलं एकतीस. आधीचे गुरुजी जुलैतच निघून गेले होते. फळ्यावर अजून २१ जुलै ही तारीख होती. जवळपास पाच महिने ती मुलं पटांगण झाडत होती आणि शिक्षकांचे चहाचे ग्लास विसळत होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफने तिच्याकडून पेढे खाल्ले. त्याच दिवशी वर्गात तिच्या तोंडून "हाई कोनी वही शे?" असं निघून गेलं आणि दारात उभ्या असलेल्या सहशिक्षिका मोहिनी मॅडमनी ते ऐकलं. आमच्या पूर्वेकडच्या बोलीत "आहे"ला "शे" म्हणत नाहीत. तेव्हापासून शिक्षक खोलीत तिचं नाव शेबाई. "काय शेबाई, डबा शे का?" शिकलेली माणसं ही.

बुधवारी मुख्याध्यापक पितांबर सरांनी नोंदींची फाईल तिच्या हातात दिली. प्रत्येक मुलाच्या पहिलीपासूनच्या पानांवर शिक्षकाने स्वतः पाहून त्याच्याविषयी दोन ओळी लिहायच्या असतात. चौथीचं पहिलं सत्र कोरं होतं.

"सोमवारी तपासणी आहे. भरून टाका."

"सर, पहिल्या सत्रात मी नव्हते."

"तुम्ही नव्हता, वर्ग होता ना?"

मोहिनी मॅडमनी तिला एक पुस्तिका दिली. तयार वाक्यांची अशी पुस्तिका विकत मिळते, हे मला ठाऊक नव्हतं. "पान बारापासून टिपत चला," त्या म्हणाल्या. "शेजारच्या दोघांना एकच वाक्य नको, तेवढं सांभाळा."

गुरुवारी संध्याकाळी सुनिता फाईल घेऊन माझ्याकडे आली. "अक्का, तुमचं अक्षर छान आहे. थोडी मदत कराल?"

मी केली. हे लपवत नाही. भुसावळच्या मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर रोजनिशी तपासायच्या. खाडाखोड चाले, खोटं चालत नसे. यजमान गेले त्या आठवड्याची माझी पानं अजून कोरी आहेत. तरी त्या दिवशी मी तिला म्हटलं, "लिहून टाक, नोकरी आहे," आणि न पाहिलेल्या अकरा मुलांविषयी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. परिसर स्वच्छ ठेवतो. गटकार्यात उत्साहाने भाग घेते. बारावं नाव जमना जामसिंग.

"हिचं नका लिहू, अक्का."

"का?"

"चार दिवसांत एक शब्द बोलली नाही. आज तिच्या पाठीमागे ग्लासांचा ट्रे पडला. सगळा वर्ग दचकला, ही आपली चित्र रंगवत राहिली."

आम्ही जमनाची मागची पानं उलटली. पहिली: कविता तालासुरात म्हणतो. दुसरी: कविता तालासुरात म्हणतो. तिसरी: तेच. पुस्तिकेतल्या "म्हणतो"चं "म्हणते" करण्याएवढंही त्या पोरीकडे कुणी पाहिलं नव्हतं.

जमनाचा बाप जामसिंग केळीच्या बागेत मजुरी करतो. शुक्रवारी तो पोरीला सोडायला आला, तेव्हा सुनिताने त्याला फाटकापाशी गाठलं. "भाऊ, पोर घर बोलस का?"

तो आधी हसलाच. "तुम्ही आमना गावकडना शेतस का ताई?" मग म्हणाला, "घर ते बोलत नई. पन शाळामा गाणं म्हणस ना. दरसाल कागदवर लिखेल शे. आमले वाटनं, घर लाजत व्हई."

शाळेत गाते, घरी लाजत असेल, असं समजून त्याने पोरीला कधी डॉक्टरकडे नेलं नाही. कागदावर विश्वास ठेवला.

त्या संध्याकाळी सुनिताने कोऱ्या पानांवर एकच वाक्य लिहिलं: "८ डिसेंबरला रुजू झाले, पहिल्या सत्रात या विद्यार्थ्यास पाहिलेले नाही." माझ्या अकरा नोंदींवर मी पट्टीने रेघ मारली, तिने त्याखाली तेच लिहिलं. जमनाच्या पानावर पुढे लिहिलं: "ऐकू येत नसावे. कानांची तपासणी तातडीने करावी."

शनिवारी दुपारी पितांबर सर केळीची फणी घेऊन माझ्या घरी हजर. "अक्का, तुम्ही सुशिक्षित. पोरीला समजवा. फाईल नव्याने लिहू म्हणावं."

"जमनाची मागची तीन पानं कोणाची?"

ते पाणी प्यायले. "होती कोणीतरी. पण हिचा अहवाल मलाच लिहायचाय, एवढं तिला सांगा."

मी सुनिताला शब्दशः सांगितलं. ती ज्वारीचं पीठ मळत होती. मळता मळताच म्हणाली, "सांगितलंत ना? झालं."

सोमवारी तपासणीचे साहेब आले. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, सगळा थाट. जेवता जेवता त्यांनी फाईलचं वरचं पान उलटलं आणि सहीसाठी पेन मागितला. सुनिता उठली. जमनाचं पान काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"साहेब, एवढं एक वाचा."

त्यांनी वाचलं. "मुलगी आहे ना ही?"

मोहिनी मॅडम साहेबांना आणखी भरीत वाढू लागल्या. साहेबांनी डाव्या हाताने पान धरून "तपासणीस पाठवावे" लिहिलं, सही केली. भरताच्या तेलाचा डाग त्या ओळीवर पडला. मग पितांबर सरांकडे वळून म्हणाले, "असली पानं वर येऊच कशी देता?" आणि ठेचा मागितला.

दारातून निघताना पितांबर सर सुनिताला म्हणाले, "शेबाई, तुमचा अहवाल आजच लिहितो." ती म्हणाली, "लिहा सर. फक्त पाहिलं तेवढंच लिहा. आणि गुरुवारी माझी रजा. जमनाला घेऊन जळगावला जायचं शे." हे "शे" तिने मुद्दाम म्हटलं, असं तिने मला घरी येऊन सांगितलं.

सोमवार, १५ डिसेंबर. सुनिताला ज्वारी निवडून दिली. शनिवारी आलेली केळी काळी पडली. चौदाही समोरच्या गाईला घातली.