‘स्लेव्ह’ म्हणजे सालदार
आज गुढीपाडवा. वऱ्हाडात याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं. कॉलेजात असताना अकोटच्या घरी, नव्या कापसाच्या वासात बसून मी अमेरिकेतल्या गुलामांचं एक भक्तिगीत पाठ करत होते. जवळच दोर वळणाऱ्या आमच्या सालदारानं त्याचा अर्थ विचारला. त्याला समजावं म्हणून मी ‘स्लेव्ह’चं ‘सालदार’ केलं आणि सांगितलं, की देवाच्या सांगण्यावरून मोशे नावाच्या प्रेषितानं राजाच्या सगळ्या सालदारांना सोडवून नेलं. “साल पुरं न होता? मधातच?” तो हसला, मग हळूच म्हणाला, “मंग मालकाले माह्यासाठी सांगा ना, बाई. बाळापूरले पोरगी लय बिमार हाये.” मी आत जाऊन वडिलांना सांगितलं. “कापसाची वेचनी चालू हाये. पाडव्याले जा म्हना त्याले,” ते म्हणाले, आणि मी बाहेर येऊन तेवढंच सांगितलं. मुलगी संक्रांतीआधीच वारली. पाडव्याला तो कुठंच गेला नाही. आमच्याच ओट्यावर बसून त्यानं पुढचं साल धरलं. नातवंडांनो, पुढे मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण त्या दिवशीचं भाषांतर चुकलं होतं, असं मला अजून म्हणता येत नाही.