वेणी कोण घालतं?

आज घोंगडी उन्हात टाकली, मेंढरांचा वास आला आणि मी आठ वर्षांची होऊन जुन्नरच्या कोर्टात पोचले. आई-बाबा वेगळे होत होते. "कुणाकडं राहणार?" असं विचारतील, या धास्तीनं मी जज मॅडमसमोर फ्रॉक पिळत बसले होते.

त्यांनी विचारलं, "वेणी कोण घालतं?"

"आई. पण पावसाळ्यात बाबा मेंढरं घिऊन आमच्या गावाला, आण्याला येत्यात, तवा बाबा."

मी घाबरत होते तो प्रश्न आलाच नाही. मला वाटलं, बाई नुसत्या गप्पा मारतायत. निकाल मात्र माझ्या वेणीसारखाच लागला: एरवी आईकडे, कळप गावी परतला की बाबांकडे.

त्या दिवशी बाबांनी खांद्यावरची घोंगडी आईला दिली. "पोरीला लई थंडी वाजती."

आई म्हणाली, "आन तुमाला?"

सकाळपासून पहिल्यांदाच मला एकदम भूक लागली.